सैल चेन आणि शीळ

त्या दुपारी त्याच्या सायकलची चेन पडली नसती, तर पुढचं काहीच घडलं नसतं. आणि चेनला पडायला जागा तरी कोणती मिळावी! बरोबर सायकलच्या दुकानासमोर.

दुकान मामाचं. बाजाराच्या कोपऱ्यावर, दारात पंप, छताला टांगलेले टायर आणि आत ग्रीसचा वास. मामा गल्ल्यापाशी बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सल्ले द्यायचा, आणि खरं काम करायची त्याची भाची. लहानपणी ती एका जागी म्हणून ठरायची नाही, धरायला गेलं की हातातून निसटायची. म्हणून मामाने तिचं नाव ठेवलं होतं छर्रा. बेअरिंगमधली ती पोलादी गोळी असते ना, तो छर्रा. नाव असं चिकटलं की बाजारातल्या निम्म्या लोकांना तिचं खरं नाव विचारलं असतं, तर त्यांनी डोकंच खाजवलं असतं.

छर्रा तेव्हा एका चाकाचा आउट काढत होती. वाकडी झालेली रिम सरळ करायचं हे काम मोठं चिकाटीचं. चाक फिरवायचं, कुठे डगमगतंय ते बघायचं, एक स्पोक आवळायचा, दुसरा सैल सोडायचा. हे करताना ती शीळ घालायची. मुद्दाम नाही... आपोआप. तीन सूर पायरीपायरीने वर, मग एक छोटीशी गिरकी, आणि झर्रकन खाली. चाक सरळ झालं की शीळही थांबायची.

"ओ... चेन बसवून देता का जरा?"

तिने मान वर केली. समोर एक उंच, घामाघूम तरुण. पाठीवर लॅपटॉपची बॅग, नाकावर चेनच्या तेलाचा काळा ठिपका. स्वतः बसवायचा प्रयत्न करून झाला होता, हे त्या ठिपक्यावरून कळतच होतं.

"नाकाने बसवत होतात का?" तिने विचारलं.

त्याने हात लावून बघितलं आणि ठिपक्याची चांगली रेघ झाली. छर्रा खुदकन हसली. तोही हसला – आणि हसताना त्याच्या डाव्या डोळ्याखाली एक बारीकशी घडी पडली, ती तिने उगाचच पाहून ठेवली.

चेन तिने चुटकीसरशी बसवली. त्याने फोन काढून पैसे पाठवले आणि म्हणाला, "गेले बघा. आले का?"

"मला काय विचारता? हे बघा." तिने दोन्ही हात पुढे केले. कोपरापर्यंत काळे कुळकुळीत. "या हातांनी फोन धरला, तर फोनचंच सर्व्हिसिंग करावं लागेल."

"मग रोज कसं कळतं तुम्हाला?"

"मामा बघतो. मामाचा चष्मा सापडला तर. नाहीतर गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघायचं आणि विश्वास ठेवायचा."

"पण फोन टिंग वाजतो ना?"

"वाजतो की! या बाजारात दर मिनिटाला कुणाचा तरी फोन टिंग वाजतो. त्यातलं माझं टिंग कुठलं आणि समोरच्या फळवाल्या काकूंचं कुठलं? त्यापेक्षा तुमच्या त्या फोनला म्हणावं, पैसे आले की शीळ घाल. बघायला नको, पुसायला नको."

हे ती सहज बोलून गेली होती. पण तो जागच्या जागी खिळला. मग त्याने पायडलवर पाय ठेवला, काढला, पुन्हा ठेवला, आणि निघून गेला. मामा म्हणाला, "काय गं, याचंच काहीतरी पडलंय वाटतं. चेन नव्हे, आत कुठेतरी."

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आला. चेन पुन्हा पडली होती.

"मी पैसे पाठवायचं ॲप काढलंय," तो एका दमात सांगू लागला. "मी आणि माझी ताई. दोघांनी नोकऱ्या सोडल्या. ॲप चांगलं आहे, खरंच चांगलं आहे, पण कुणी घेतच नाही. सगळे म्हणतात, आधीच्यात काय वाईट आहे? आणि काल तुम्ही म्हणालात ना... शीळ! मी ताईला सांगितलं, ती म्हणाली, वेडा झालास. मग थोड्या वेळाने म्हणाली, पण चांगलाच वेडा झालास!"

"मग शोधा की कुणीतरी शीळ घालणारं."

"शोधलं," तो म्हणाला. आणि तिच्याकडे बघतच राहिला.

छर्र्याच्या हातातला पाना खाली पडला. मामाने वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं – उलटं.

शीळ रेकॉर्ड करायचं ठरलं ते दुकानामागच्या माळ्याखालच्या खोलीत. बाहेर पावसाची सर सुरू झालेली, पत्र्यावर तडतड. आवाज आत येऊ नये म्हणून त्याने युक्ती काढली. मामाचं जाड ब्लँकेट घ्यायचं आणि त्याखाली बसायचं. दोघांनी, कारण फोन कुणीतरी धरायला हवा.

ब्लँकेटखाली अंधूक, कोंदट आणि उबदार. त्याच्या शर्टाला साबणाचा वास येत होता, तिच्या हाताला ग्रीसचा. मध्ये फोनचा इवलासा उजेड.

"हं... सुरू करा."

तिने ओठ पुढे काढले. नुसती हवा गेली.

"काय झालं?"

"हसू येतंय मला. हसताना शीळ येत नाही. ओठच गोल होत नाहीत."

"मी डोळे मिटतो."

त्याने खरोखरच डोळे गच्च मिटले, लहान मुलासारखे. ते बघून तिला आणखीच हसू आलं. शेवटी तिने भिंतीकडे तोंड केलं, श्वास घेतला आणि शीळ घातली – तीन सूर वर, गिरकी, आणि खाली. अगदी शेवटी मात्र दाबून ठेवलेलं हसू फुटलंच, आणि सूर तिथे किंचित हलला.

"पुन्हा घेऊ. शेवट बिघडला," ती म्हणाली.

"नको," तो हळूच म्हणाला. "बिघडलेला नाहीये."

ॲपचं नावही मग 'शीळ'च पडलं.

आणि काय चाललं म्हणता ते! सुरुवात समोरच्या फळवाल्या काकूंपासून झाली. पैसे आले की त्यांचा फोन शीळ घालायचा आणि काकू मान वर न करता "आले गं, आले!" म्हणून पिशवी पुढे करायच्या. त्यांचं बघून भाजीवाला, मग शिंपी, मग चावीवाला. ज्याचे हात कामात गुंतलेले, त्याला शीळ हवीच. कणीक मळणारे, मासे कापणारे, केस कापणारे, सगळे म्हणू लागले, आम्हालाही ते शिट्टीवालं द्या. बघता बघता रस्ता ओलांडून शीळ पलीकडच्या बाजारात गेली, तिथून नदीपलीकडे, तिथून दुसऱ्या शहरात.

छर्रा चहा प्यायला गेली तर तिथे तिची शीळ. दवाखान्यात, तिची शीळ. बसस्टॉपवर उभी राहिली तर शेंगदाणेवाल्याच्या खिशातून तिची शीळ! पहिले काही दिवस ती प्रत्येक वेळी दचकायची, मग कानापर्यंत लाल व्हायची. आपलं हसू एवढ्या लोकांच्या खिशात फिरतंय आणि कुणाला पत्ताही नाही. मामाला मात्र राहवायचं नाही. तो अनोळखी माणसांनाही थांबवून सांगायचा, "ही शीळ आहे ना, ती आमच्या घरची."

ॲपवाला आता 'चेनवाले साहेब' झाला होता. हे नाव छर्र्यानेच पाडलेलं. त्याच्याकडे आता ऑफिस होतं, मोठ्या काचा होत्या, माणसं होती. पण सायकल तीच होती, आणि चेनही दर दोनचार दिवसांनी पडत होती.

"साहेब, गाडी घ्या आता," ती म्हणायची.

"गाडीची चेन पडत नाही ना."

"मग बरंच की!"

"बरं कसलं?" तो म्हणायचा आणि दुसरीकडे बघायचा.

तीही मान खाली घालून चेन बसवायची. खरं तर पडणारी चेन कायमची थांबवायला फार अक्कल लागत नाही. मागचं चाक जरासं मागे ओढायचं आणि नट आवळायचे, की चेन ताठ. मामा एकदा न राहवून म्हणाला, "अगं, चाक मागे ओढ की जरा!" त्यावर छर्र्याने त्याच्याकडे असं काही बघितलं, की मामा चष्मा शोधायला आत निघून गेला. चष्मा डोळ्यांवरच होता.

सगळं असं वाऱ्यावर स्वार झालेलं असताना एक दिवस काकू दुकानात आल्या. चेहरा पडलेला.

"छर्रे, तू मघाशी शीळ घातलीस का गं?"

"घातली असेन. चाकाचा आउट काढत होते. का हो काकू?"

"अगं, माझ्यापुढे गिऱ्हाईक उभं होतं. मला वाटलं, पैसे आले. मी टोपली भरून फळं दिली आणि ते गेलं की निघून!"

दोघी आधी पोट धरून हसल्या. छर्र्याने भरपाई म्हणून काकूंच्या हातगाडीची चाकं फुकट नीट करून दिली. गंमत म्हणून ती गोष्ट बाजारभर पसरली. आणि तिथेच घात झाला. फोनकडे न बघता लोक शिळेवर माल सोडतात, हे ज्यांना कळायला नको होतं त्यांनाही कळलं. शीळ काय, कुणालाही शिकता येते! गर्दीत उभं राहायचं, फोन हातात नाचवायचा, तोंडाने शीळ घालायची आणि सामान घेऊन चालू पडायचं. इकडे एक फसला, तिकडे चार फसले. लोक कुरकुरू लागले, मग ओरडू लागले.

एक दिवस ताई दुकानात आली. चेनवाल्याची थोरली बहीण, चटचट बोलणारी, कधी एका जागी न बसणारी. त्या दिवशी मात्र ती स्टुलावर टेकली.

"तुला सांगायला जिवावर येतंय," ती म्हणाली. "पण थोडे दिवस... बाहेर शीळ घालू नकोस. निदान बाजारात तरी. आमची माणसं दुकानादुकानांत जाऊन सांगतायत, फोनकडे बघा म्हणून. तोवर तरी."

"एवढंच ना? नाही घालणार," छर्रा म्हणाली.

एवढंच वाटलं होतं तिला. पण दुसऱ्या दिवशी चाक फिरवायला घेतलं आणि ओठ आपोआप गोल झाले. तिने ते घट्ट मिटले. पुन्हा गोल झाले, पुन्हा मिटले. काम पुढे सरकेना. ज्या चाकाला एरवी शीळ दोनदा घालून होईपर्यंतचाच वेळ लागायचा, त्याच्याशी ती दुपारभर झगडत बसली. दुकानात नुसता पान्याचा खणखणाट. मामा गल्ल्यापाशी अस्वस्थ. "रेडिओ लावू का?" त्याने विचारलं. तिने मानेनेच नको म्हटलं.

चेनवालाही येत नव्हता. बैठका, फोन, धावपळ. समोर काकूंच्या फोनमधून मात्र शीळ यायचीच, शेवटच्या त्या हसण्यासकट. छर्र्याला वाटायचं, ती कुणीतरी दुसरीच मुलगी आहे. सुखातली.

आणि मग तो आला. चालत आला, सायकलशिवाय. बरोबर ताई.

"एक मोठी कंपनी आपल्याला विकत घेतेय," त्याने सांगितलं. आवाजात आनंद असायला हवा होता, तो शोधूनही सापडत नव्हता. "त्यांच्याकडे माणसं आहेत, पैसा आहे; आमच्याकडे आता दोन्ही पुरत नाही. फसवणूक ते थांबवतील. सगळ्यांच्या नोकऱ्या वाचतील. पण त्यांना शीळ हवीय, लोक ॲपवर नाही, शिळेवर प्रेम करतात म्हणे. आणि... ती फक्त त्यांचीच राहायला हवी. म्हणजे तुम्ही पुन्हा ती कुठे घालायची नाही. कधीच."

"दुकानातसुद्धा?"

"कुठेच," ताई खाली बघत म्हणाली. "तुला पैसे मिळतील. चांगले मिळतील."

छर्र्याने हात फडक्याला पुसले. पैशांचा विचार तिच्या मनाला शिवलाही नाही. तिला दिसत होते ते त्याचे जागून लाल झालेले डोळे, आणि तिच्या एका वाक्यावर त्याने उभं केलेलं ते सगळं. हा बुडला तर... छे! शिळेचं काय एवढं? काहीजणांना तर शीळ येतही नाही, ती काय जगत नाहीत?

"द्या पेन," ती म्हणाली.

त्याने पेन पुढे केलं नाही. "आधी एकदा... वाजवाल? फोनमध्ये नको. नुसतीच. मला ऐकायचीय."

तिने ओठ गोल केले. हवा गेली. पुन्हा प्रयत्न केला – कोरडी हवा, फुसफुस. तिसऱ्यांदाही तेच. आणि या वेळी तिला हसू येत नव्हतं. 

 त्याने ताईच्या हातातले कराराचे कागद घेतले, त्यांची नीट घडी घातली आणि ते खिशात ठेवले. आणि तो दुकानाच्या पायऱ्या उतरून गेला. ताई त्याच्या मागे धावली.

दोन दिवसांनी काकूंच्या फोनवर संदेश आला. 'शीळ' बंद होतेय. सगळ्यांचे पैसे सुखरूप त्यांच्या त्यांच्या खात्यात गेलेत. इतके दिवस कान दिल्याबद्दल आभार.

छर्र्याने तो दोनदा वाचला, हातातला पाना फेकला, दारात उभी होती ती पहिली सायकल घेतली – एका गिऱ्हाइकाची होती, पण ते नंतर – आणि सुसाट निघाली.

ऑफिसात आवराआवर चालली होती. दोन माणसं खुर्च्या उचलून जिन्याने नेत होती. कोपऱ्यात फोनवर बोलणाऱ्या ताईचा आवाज टिपेला, "अहो, पोरं हिऱ्यासारखी आहेत, सगळीच्या सगळी कामाला घ्या!" आणि तो मधोमध जमिनीवर बसून वायरींची गुंडाळी करत होता.

"कोणाला विचारून बंद केलंत?" छर्रा दारातूनच कडाडली. खुर्च्यावाले जिन्यात थबकले.

तो उभा राहिला. "तुम्ही..."

"हो, मीच! शीळ माझी, सही माझी, आणि निर्णय मात्र तुमचा? मी सही करत होते ना!"

"माहीत आहे. म्हणूनच नाही घेतली."

"मला विचारायचं तरी!"

"विचारायलाच आलो होतो. एकदा वाजवा म्हटलं, ते विचारणंच होतं." त्याच्या हातातली वायर पुन्हा सुटून लोंबायला लागली. "आणि हे तुमच्यासाठी केलं असंही समजू नका. माझ्यासाठी केलं. ताईने आधी मला फाडून खाल्लं, मग म्हणाली, बरोबर केलंस. मी रोज ती क्लिप ऐकायचो. कामासाठी नाही... शेवटी तुम्ही हसता ना, त्यासाठी. लोक नक्कल करायचे, मला लांबूनच कळायचं की ही खरी नव्हे, कारण त्यात ते हसू नसायचं. आणि त्या दिवशी तुमच्याकडूनही हवाच आली. मला वाटलं, मी हे काय करून बसलो? एवढ्या फोनांमध्ये शीळ वाजतेय आणि जिची आहे ती मुकी!"

छर्रा भांडायला आली होती. भांडणाचे सगळे शब्द तिने वाटेत जुळवून ठेवले होते. ते आता कुठे गेले, कुणास ठाऊक.

"बुडालात ना पण," ती कसंबसं म्हणाली.

"बुडालो." तो चक्क हसला, आणि डाव्या डोळ्याखाली ती घडी पडली. "काय मजा आली पण! आली की नाही?"

"आली," ती म्हणाली. खरंच आली होती.

"आणखी एक सांगायचंय. आता लपवायला कंपनीही राहिली नाही." त्याने घसा साफ केला. "ती चेन... पहिल्या दिवशी आपोआप पडली होती. नंतर... मी पाडायचो. कोपऱ्यावर उतरून, हाताने."

"हाताने पाडलेली चेन मला कळत नाही असं वाटलं?"

त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. "म्हणजे... पहिल्यापासून?"

"पहिल्यापासून. आणि मी चाक जरा मागे ओढून नट आवळले असते ना, तर तुझ्या हातानेही ती पडली नसती. लोखंडासारखी ताठ राहिली असती."

"मग आवळले का नाहीत?"

"मला तू यायला हवा होतास म्हणून!"

दोघांच्याही लक्षात आलं, की 'तुम्ही' कुठेतरी वाटेतच गळून पडलं होतं. जिन्यातले खुर्च्यावाले खुर्च्या खाली ठेवून त्यांवर आरामात बसले. ताईने फोनवर सांगितलं, "मी जरा नंतर करते हं," आणि दाराआड उभी राहून डोळे पुसले.

"तू मला आवडतेस," तो म्हणाला. "फार. त्या ब्लँकेटखाली डोळे मिटून बसलो होतो, तेव्हापासून."

"मिटले नव्हतेस. एक डोळा किलकिला होता."

"...होता."

ती जवळ गेली. हात ग्रीसने भरलेले होते म्हणून तिने नुसतं मनगट त्याच्या गालाला लावलं, तरी गालावर काळी रेघ उठलीच.

संध्याकाळी दोघं मिळून दुकानात परतली. तिची उसनी सायकल, त्याची सैल चेनवाली. मामाने दोघांकडे एकदा बघितलं, रेघ बघितली, आणि वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं. या वेळी सुलटं.

छर्र्याने त्याची सायकल उलटी केली, मागच्या चाकाचे नट सैल केले, चाक मागे ओढलं आणि नट कचकचून आवळले. "घे. आता पडणार नाही."

"मग मी यायचं कशाला?"

"पंप मारायला. मामाला होत नाही हल्ली."

तिने चाक फिरवून बघितलं. जरासा आउट होता. स्पोकचावी उचलली, एक स्पोक आवळला, आणि ओठ गोल झाले... आपोआप. पहिल्यांदा हवाच गेली. मग एक सूर फुटला, दुसरा, तिसरा, गिरकी – आणि खाली उतरताना तिने मान वर केली, तर तो डोळे गच्च मिटून उभा. हसू फुटलं आणि शेवटचा सूर हलला.

समोरून फळवाल्या काकूंचा आवाज आला, "आले गं, आले!" आणि त्यांनी गिऱ्हाइकाच्या हातात पिशवी ठेवलीसुद्धा.

"काकू, अहो काय करताय!" मामा ओरडला. "ते बंद झालंय आजपासून!"

"बंद झालंय? मग आत्ता हे वाजलं काय?"

"आमच्या छर्र्याचं जमलं!" मामाने भर बाजारात सांगून टाकलं.

काकू हातगाडी तशीच सोडून धावत आल्या. त्यांच्या मागे पैसे हातात घेऊन ते गिऱ्हाईकही आलं.